सेकंदाला साठ

पाइनच्या जंगलातलं तिसरं वळण.
तिथे खेळातला पाऊस सुरू होतो
आणि तिथेच आमचं गाडं अडतं.
साठवरून एकतीस,
एकतीसवरून एकोणीस,
कोपऱ्यातला हिरवा आकडा लाल होतो
आणि झाडं अंगावर येतात ठेचकाळत,
अंधारात पायरी चुकल्यासारखी.

वय सत्तेचाळीस. हलमधल्या एका दंतवैद्याकडे
दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरून उभी असते.
रात्री दहानंतर रॅली चालवते.
श्रीरंग म्हणतो, या वयात बायका विणकाम करतात.
करोत बापड्या.

आधी काटकसर करून पाहिली.
सावल्या बंद केल्या, गवत बंद केलं,
डबक्यांतली आभाळं पुसून टाकली.
जंगल उघडंबोडकं झालं,
तरी तिसऱ्या वळणावर उचकी तीच.

मग ग्राफिक्स कार्ड. वापरलेलं, एकशे ऐंशी पौंड.
बेव्हर्ली स्टेशनबाहेर भर वाऱ्यात
कीरन नावाच्या पोराने ते
अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून आणलं,
पैसे दोनदा मोजले
आणि टॉवेल परत मागून घेतला.

कार्ड लांब, डबा आखूड.
मधली एक पट्टी काढायची, तर स्क्रू गंजलेला.
शेजारच्या ट्रेव्हरकडे गेले पेचकस मागायला.
तो मूळचा हेझल रोडचा, एक्क्याऐंशीचा,
मासेमारी बोटींवरचे रडार दुरुस्त करत
आइसलँडपर्यंत जाऊन आलेला.
पेचकस घेऊन स्वतःच आला, सपाता घालून.
टॉर्चने बराच वेळ आत बघत राहिला,
जसे आमचे डॉक्टर बघतात, काही न बोलता.
मग म्हणाला, नवं काही बसवण्याआधी
जुन्याला श्वास घेता येतोय का बघ, लव्ह.

मी हो म्हटलं आणि नवं बसवलं.

पहिलं वळण लोण्यासारखं. दुसरंही.
तिसऱ्याला
एकोणीस.

रोग रेड्याला, औषध पखालीला.

रात्री एकला स्वयंपाकघरातल्या टेबलावर
पंखा उचकटला प्रोसेसरवरचा.
खाली पात्यापात्यांत दाबून बसलेला
नमदा. करडा-पांढरा.
धूळ नव्हे, केस.

ढब्बू.

चार हिवाळे तो या डब्याला पाठ लावून झोपला,
कारण घरात सगळ्यात उबदार कूस हीच.
आम्ही हीटिंग नऊला बंद करतो.
फेब्रुवारीपासून ती जागा रिकामी आहे, मी तिथे
शूजचा रॅक ठेवला.

दवाखान्यातून आणलेले दातांच्या फटींचे ब्रश,
गुलाबी, सगळ्यात बारीक.
एकेक फट उकरली.
वाळून चिरा पडलेली पेस्ट स्पिरिटने पुसली,
नवी लावली, वरणात हिंग टाकावा एवढीच.
ओट्यावर जमलेला गोळा लिंबाएवढा झाला.

आता हा कुठे टाकायचा?
निळ्या डब्यात कागद-बाटल्या, काळ्यात उरलंसुरलं,
तपकिरी डब्यात पालापाचोळा.
उद्या गुरुवार, कुठला डबा बाहेर ठेवायचा
तेही आठवेना.
श्रीरंग पाणी प्यायला खाली आला,
ओट्याकडे बघितलं,
ग्लास हातात तसाच धरून म्हणाला, तपकिरी.
आणि पाणी न पिताच वर गेला.

पहाटे अडीचला पुन्हा जंगल.
सावल्या चालू, गवत चालू,
डबक्यांत आभाळ परत.
आकडा बहात्तर, हिरवागार,
पाऊस सरळ धारांनी पडतोय.

तिसरं वळण आलं.
गाडी आता अडत नाही तिथे.
मीच ब्रेक दाबते,
सवयीने,
आणि मागचा कुणीतरी
हॉर्न वाजवत पुढे निघून जातो.