चाकावरचा नळ

मेकॅनिक म्हणाला, हे प्लंबरचं काम.
प्लंबर आला, दारात चपला काढल्या,
सिंकखाली वाकून पाहिलं, आणि म्हणाला,
बाई, हे त गाडीतलं आहे, मेकॅनिकले दाखवा.
चपला घातल्या, गेला.
मग मीच.

त्रिमूर्तीनगरात कडुनिंबाखाली उभी आहे
आमची टेंपो ट्रॅव्हलर,
माझी अन् बेबीनंदाची, अर्धी अर्धी.
एकतीस वर्षं वीज कंपनीत
दुसऱ्यांची बिलं दुरुस्त केली.
फंड आला तेव्हा सगळ्यांनी प्लॉट सुचवले,
बेसा घ्या, वर्धा रोड घ्या.
आम्ही ही घेतली, सीटा काढून टाकलेली,
दोन बाकं, एक शेगडी,
ताटाएवढं सिंक.

नळ परतवाड्यापासूनच गळत होता.
रात्री बेबीनंदा अंधारात मोजायची,
मिनिटाला एकोणसाठ,
म्हणजे टाकी अमुक दिवसांत रिकामी.
बिलिंगची सवय, जात नाही.

इतवारीत दुकानदारानं विचारलं,
कितवा मजला? प्रेशर कसं आहे?
म्हटलं, मजला नाही, चाकं आहेत.
पंप बारा व्होल्टचा, टाकी चाळीस लिटरची,
आणि घाटात खडखडणार नाही असा द्या.
तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला.
मग वरच्या फळीवरून धूळ झटकत उतरवला
एक उंच मानेचा, बगळ्यासारखा.
खालच्या आट्या प्लास्टिकच्या असतील, म्हणाला,
जोर नका लावजा. हातानंच पिळा.

पहाटे साडेपाच.
उन्ह वर आलं की या पत्र्याखाली
माणसाचा पापड होतो.
पाठ फळीवर, डोकं कपाटात, पाय दाराबाहेर.
गल्लीतून दूधवाला गेला, थांबला,
माझ्या पायांना म्हणाला, काकू, बरं आहे ना?
टॉर्च बेबीनंदाकडे,
आणि ती जिकडे पाहते तिकडे उजेड:
कधी शेगडीवर, कधी दूधवाल्यावर,
नटावर सोडून सगळीकडे.

पान्हा आत फिरत नाही. जागाच नाही.
बोटांच्या पेरांनी, तेल सोडून,
पाव फेरा.
थांबून, अजून पाव.
मग तो एकदम सैल झाला
आणि पाइपात राहिलेलं पाणी
तोंडावर, नाकात, कानामागून मानेत.
चिखलदऱ्याचं होतं ते.
तीन आठवड्यांपूर्वी हौदातून बादलीनं भरलेलं,
तेव्हा हात बधिर झाले होते.
आता कोमट,
नागपूरनं उकळून निवत ठेवलेलं,
पण जिभेला लोखंडाची चव लागली तीच,
हौदाच्या कडीची.
मी तशीच पडून राहिले जरा वेळ.
मेली का गं? बेबीनंदानं विचारलं.

टेफलॉनची पट्टी कोणत्या बाजूनं गुंडाळायची
यावर आम्ही पंधरा मिनिटं भांडलो.
ऑफिसात कधी भांडलो नाही.
तिथं एकमेकींना मॅडम म्हणत होतो,
डबा खाताना एक खुर्ची मध्ये सोडून बसत होतो.
माझी पट्टी दोनदा सुटली.
तिची टिकली. बोलली नाही काही,
पण टॉर्च मात्र तेव्हा बरोबर नटावर धरला.

नवा नळ बसला.
पंपाचं बटण दाबलं, आधी खोकला,
मग भुरकट, मग स्वच्छ.
खाली कोरडा कागद ठेवून तासभर पाहिलं.
कोरडाच.

फक्त एक झालं.
बगळ्याची मान उंच निघाली,
सिंकवरची खिडकी तिला अडते,
आता अर्धीच उघडते.
जुन्या नळाला मान नव्हती,
भांडी घासताना त्या खिडकीतून
अख्खा सातपुडा दिसायचा.

बदलून आणू का, मी म्हटलं.
बेबीनंदा ओल्या हातानं चहाचं आधण ठेवत होती,
नव्या नळाचं पहिलं.
राहू दे, म्हणाली,
अर्धी त अर्धी.
डोंगर दिसला की खाली उतरून पाहू.