सहीची वही

जाता जाता, दार ढकलताना डॉक्टर बोलले,
रोज सकाळी बाबांची एक सही घ्या, तारखेसकट.
अक्षर बिघडलं की मला फोन.

म्हणून ही शंभर पानी वही, कव्हरवर मोर.
पहिल्या पानावर प्र. ध. फिरके,
'के'ची मात्रा सिग्नलच्या हातासारखी वर.

छत्तीस वर्षं भुसावळच्या यार्डात
वॅगनचे नंबर उतरवले त्यांनी, चालत, डब्यामागून डबा.
सावद्याची केळी भरलेला अख्खा रेक
रात्री दोनला त्यांच्या पेन्सिलीखालून जायचा.
परवा दवाखान्यात एक ते पंचवीस आकडे
कागदावर विखुरलेले, रेघेनं जोडायचे होते.
बाबा अकरापर्यंत गेले
आणि तिथंच उभे राहिले.

गल्लीनं केव्हाच ठरवलंय: पीत असतील.
आई आधी सांगायची, जुनी कावीळ हो,
सुईतून आलेली, थेंब नाही कधी.
आता सांगत नाही.
शेजारून आलेली शेवभाजी झाकून परत करते
आणि स्वतःच्या ताटातलंही मीठ काढून ठेवते.

पोटातलं पाणी काढतात तेव्हा मी बाटल्या मोजते.
वरणावरच्या निवळीसारखं, पाच लिटर.
"इतकं पानी तं आपल्या नळाले बी येत नाही,"
बाबा म्हणतात. नर्ससुद्धा हसते.

काळीज म्हणताना आम्ही जन्मभर
छातीवर हात ठेवला.
जरा खाली ठेवायला हवा होता, उजवीकडे,
बरगडीच्या आत,
जिथं कुणीतरी सुट्टी न घेता राबत होतं
आणि बहुतेक सगळं संपल्यावर
पहिल्यांदा कळवलं.

दिवसा झोपतात. रात्री दोनला उठून बूट शोधतात.
"मले ड्यूटी हाये."
मी म्हणते, गाडी लेट आहे, बाबा.
ते पटतं त्यांना. गाडी लेट असणं नेहमीच पटतं.

बुधवारी मात्रा खाली आली.
गुरुवारी 'ध' गेला, तारखेत एकोणीसशे सत्त्याऐंशी.
आणि आज
सही इतकी सुबक, इतकी ठाशीव,
मात्रा सरळ उभी.
मी फोन खाली ठेवत होते
तेवढ्यात चहा घेऊन आई आली,
तर्जनीला निळी शाई.

मी काही बोलले नाही.
गोड औषधाचं एक टोपण जास्त ओतलं,
आणि डॉक्टरांचा नंबर लावला,
एकेक आकडा, सावकाश,
आईला ऐकू जाईल असा म्हणत.