तोंडदेखलं

उत्तरेश्वर पेठेत, दुसऱ्या मजल्यावर
हावळकाकांचा कॉम्प्युटर
ऐकवतो सगळं, ऐकून मात्र घेत नाही.
"चार दिवस झाले बघ," काका म्हणाले,
"अंधशाळेच्या पोरांना भूगोलाचे पाच धडे
वाचून द्यायचेत. सोमवार तोंडावर आला."
आणि माइक ओठांशी धरून हळूच, हॅलो. हॅलो.
आत कोणी आहे का ठाऊक नसताना
कडी वाजवावी तसं.

वायरीवरचं चाक आधी बघितलं.
(निम्मी गिऱ्हाइकं तिथंच सुटतात.)
चाक उघडं. आवाजाची पट्टी शंभरावर.
ड्रायव्हर काढला, परत घातला,
मशीन बंद करून चालू केलं,
तेवढ्यात चहा झाला.
पडद्यावरची हिरवी रेघ ढिम्म.

मग काकू म्हणाल्या, झाडताना
मागची गुलाबी पिन निघाली होती.
मागं हात पोचेना म्हणून काकांनी
ती पुढच्या भोकात घातली,
रंगाला रंग बघून, अगदी नियमानं.

डबा उघडला.
धूळ, पालीची दोन अंडी,
आणि पुढच्या भोकाची वायर
गुंडाळून, रबर लावून ठेवलेली.
जोडणाऱ्यानं जोडलीच नव्हती कधी.
नऊ वर्षं ते भोक नुसतं तोंडदेखलं.
अंडी तशीच राहू दिली. पिन मागं लावली.

"बोला."
काकांनी पाठ ताठ केली, घसा खाकरला:
"गगनबावड्याला जाणारी गाडी
फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे."
रेघ उसळून पार वर गेली.

गडबडीत माझी एक टिक राहिली होती,
त्यांचाच आवाज, किंचित उशिरा,
त्यांच्या कानात परत आला.
काका थांबले. "हा कोण?"
"तुम्हीच की."
"एवढा म्हातारा?"

एकतीस वर्षं स्टँडवर, काचेच्या खोलीत.
कर्णे सगळे बाहेर.
ऐकलं ते गावानं.

टिक काढायला मी माउस धरला.
"राहू दे जरा," म्हणाले,
"बावड्यापर्यंत तरी जाऊ दे त्याला."

दीडशे झाले. सुट्टे नव्हते,
काकूंनी पन्नासाच्या बदल्यात
केळी घ्यायला लावली उलट मलाच.
जिना उतरताना वरनं येत होतं,
बालिंगे.
कळे.
साळवण.
प्रत्येक गावापाशी थांबत होते काका,
मागचा पोचेपर्यंत.