गुडघ्याखालचं घर

बांबोळीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली,
पेनाच्या टोकाने दाखवलं: हा चौथा मणका, हा पाचवा,
आणि ही मधली गादी सरकलीय.
मी मान हलवली.
सव्वीस वर्षं चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकला, ओढला.
एवढ्या ओढाताणीत धक्क्यावरचा खुंटही हलतो.

वाकायचं नाही, ते म्हणाले.
लिहूनही दिलं, गोळ्यांच्या खाली, दोन रेघा मारून.

आता सुलक्षा सात दहाच्या फेरीने कामाला जाते
आणि घर माझ्या हातात येतं,
म्हणजे कमरेपासून वरचं घर.
खालचं पाण्यात गेलंय समजा,
बांध फुटल्यावर खाजन शेत जातं तसं.
दिसतं सगळं. पण आपलं तिथे काही चालत नाही.

तेव्हा एकेक जिन्नस वर काढला.
उकड्या तांदळाचा डबा खिडकीत,
बटाटे पिशवीसकट कॅलेंडरच्या खिळ्याला.
केरसुणीला बांबू बांधला. गाठ खलाशाची,
केरसुणी झिजेल, गाठ सुटणार नाही.
आदोळी ओट्यावर चढली.
तिच्या पाटावर पाय ठेवायचा असतो,
तिथे सुलक्षा सकाळी वरवंटा ठेवून जाते,
आणि मी उभ्याउभ्या नारळ खोवतो,
काउंटरवरचा कारकून शिक्के मारतो तसा.

विहिरीवरून अर्धीच बादली आणायची.
दोन अर्ध्या म्हणजे एक,
शाळेत हे गणित सोपं होतं.
आता त्यात वीस पावलं आहेत, आणि एक पायरी.

शिंकेला मात्र फार भितो.
नाकात हुळहुळलं की आधी भिंत शोधतो.

पिएदाद बांगडे घेऊन येते,
टोपली उतरवायला सवयीने हात मागते,
मग तिला आठवतं. राव, राव, म्हणते,
आणि स्वतःच गुडघे मोडून टोपलीसकट खाली बसते.
ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.
त्या दिवशी मी बांगड्यांचा भाव केला नाही.

सोमवारी कांदा हातातून सुटला,
घरंगळत टेबलाखाली गेला.
मी त्याच्याकडे बघितलं.
संध्याकाळी सुलक्षाला सांगणार होतो,
ती आली, पर्स ठेवली, नुसती बसून राहिली.
नाही सांगितलं.

अकरा वाजता व्यायाम.
जमिनीवर उतरायचं चार टप्प्यांत:
खुर्ची, एक गुडघा, हात, कूस.
मग पाठ लादीला लावून छताकडे.
पण मधे टेबल येतं,
आणि टेबलाच्या पोटाखाली, चाळीसेक वर्षं कुणी न वाचलेलं,
सुताराच्या पेन्सिलीने लिहिलंय:
भिकू, बाकी चाळीस.

भिकू म्हणजे माझे बाबा.
मरेपर्यंत सांगायचे, आपण कुणाची पै ठेवली नाही.
अक्षर फटू च्यारीचं, उजवीकडे कललेलं.
याच टेबलावर आम्ही जेवलो, मुलीचा साखरपुडा झाला,
बाबांच्या फोटोला याच्यावरच पहिला हार घातला,
आणि खालून हे, पोटाशी धरून.

शेजारी कांदा.
आठ दिवसांत त्याला कोंब आलाय, करंगळीएवढा,
अंधारातच उजेडाची बाजू बरोबर ओळखून.
हात लांबवला. पोचला.
छातीवर ठेवला त्याला, थोडा वेळ,
माझ्या श्वासाबरोबर तोही वरखाली.

लांबून फेरीचा भोंगा.
दुसरा कुणी दोर टाकतोय.
मी कान देतो: एक ठोका, मग साखळी.
बसला बरोबर.

फटूच्या मुलाला शोधायला हवं.
सावंतवाडीकडे गेला म्हणतात.
चाळीसचे आज किती होतात, तेही विचारायला हवं.
त्याआधी कुकर.
त्याआधी उठायला हवं.
त्याआधी, कांदा सांभाळून,
कुशीवर.