पेज

कुठ्ठाळीच्या इगर्जीतून बाड आलं
भाताच्या पोत्यात गुंडाळून,
सोबत मिंगेलची चिठ्ठी :
'वाळवी बरीच शिकलेली दिसते.'

मी पान उलगडते चिमट्यानं,
श्वास बाजूला सोडत.
पाद्री गास्पार सोवेरालचं अक्षर
उजवीकडे कललेलं, वायंगणात वारा शिरावा तसं.
बत्तीस वर्षं या एकाच गावात.
मायभाषेत स्वप्नं पडायची थांबली,
असं तो समासात लिहितो,
आणि खाली, बारीक : देव क्षमा करो.

शब्द पुरवायचा राघोबा शेणवी,
पाणी डोक्यावर पडल्यापासून बाल्ताझार.
नदीकाठच्या सोप्यावर बसत दोघं.
एकदा पाद्रीनं विचारलं,
कृपा कशाला म्हणता तुम्ही?
बाल्ताझारनं जुवारीपलीकडे पाहिलं,
जिथे त्याच्या घरचा देव
एका रात्री होडीत बसून निघून गेला होता.
ओहोटी लागेपर्यंत तो बोलला नाही.
पाद्रीनंही टाक बुडवला नाही.
त्या दिवशीच्या पानावर
फक्त तारीख आहे.

रोजच्या प्रार्थनेपाशी पुन्हा अडलं.
भाकर लिहिली, खोडली :
इथे जोंधळा पाहिलाय कुणी?
पोळी. ती सणाची.
अन्न. तेही खोडलं, फार सोवळं.
मग बाल्ताझारच्या आईनं आतून
दोन वाडगे आणून ठेवले,
उकड्या तांदळाचे, वाफाळते,
कडेला मिठातल्या तोराची फोड.
आणि ओळ लागली :
आमची दर दिसाची पेज
आज आम्हांस दे.

वरिष्ठांनी तांबड्या शाईनं काट मारली.
पुढे अख्ख्या भाषेवरच मारली.
पाद्री त्याच पावसाळ्यात तापानं गेला,
छापून असं काहीच आलं नाही त्याचं.
बाल्ताझारचं काय झालं
ते बाड सांगत नाही.

ओळीशेजारी एक फिकट वर्तुळ आहे,
वाडग्याच्या बुडाएवढं.
नियमानं डाग काढायला हवा.
मी कापूस भिजवला,
मग कापूसच वाळू दिला.

संध्याकाळी मिंगेलला फोन केला, ओळ वाचून दाखवली.
'ही? ही तर आमची तीया म्हणायची.
मोठ्यानं, चुकीची.
सिस्टर कान पिळायच्या तिचा.'
थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला,
'पोतं तेवढं परत पाठव हां,
बियाण्याला लागतं.'