पाच कुत्र्यांचं एकच नाव

तो केप ब्रेटनहून आला, ऐन नोव्हेंबरात,
जेव्हा उईस्ट बेटावर कोणी येत नाही.
आधी वारा आत शिरला,
जनगणनेच्या नकला टेबलावरून उडाल्या,
मग तो : लॉक्लिन मॅक्वॉरी,
निवृत्त ट्रकचालक, गुडघा बदललेला.

म्हणाला, दंडावर एक शब्द गोंदवायचाय.
‘अभिमान’. तुमच्या भाषेत.
‘तुमच्या’ म्हणाला आणि थांबला,
मग ‘आमच्या’ असं म्हणून पाहिलं,
दुकानात नव्या बुटात पाऊल घालून पाहावं तसं.

मी शब्द लगेच दिला नाही.
विचारलं, कोण म्हणणार? कोणाला? कशावरून?
कारण आमच्याकडे हा शब्द
बोटीतून उतरणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप होऊन पडतो,
आणि नवी टोपी घालून चर्चला आलेल्या बाईच्या
पाठीमागे हळूच थुंकलाही जातो.

त्याला मॅक्वॉरींची घरं दाखवायला नेलं.
घरं म्हणजे नेच्यांत बुडालेले दगडांचे नऊ चौकोन.
ज्यांच्यासाठी माणसं हलवली
त्या मेंढ्यांच्या खापरपणत्या
चुलीच्या जागी उभ्या राहून रवंथ करत होत्या.
जमीनदाराच्या कारकुनाची वही आमच्या कपाटात आहे,
सुबक अक्षर, एकही खाडाखोड नाही :
सतरा कुटुंबं, बोटीचं भाडं, बिस्किटं.
कोणी रडल्याची नोंद नाही.
तसा रकानाच नव्हता.

परतताना त्याला थोडं व्याकरण सांगितलं.
की आमच्यात भूक माणसावर असते,
दुःखही वरच असतं, ओल्या घोंगडीसारखं.
आणि घर कोणाचं नसतं,
ते फक्त त्याच्यापाशी असतं.
मालकीचं क्रियापद करायचं राहून गेलं.
कागद करणाऱ्यांना ते सोयीचं पडलं.

आजोबा बोलायचे का काही?
छे. इंग्रजीच. तीही मोजकी.
कुत्र्याचं नाव तेवढं विचित्र होतं,
एक मेलं की पुढच्यालाही तेच.
पाच कुत्री झाली तशी. ट्रोअट.

मी हसले,
आणि ते हसू मला परत गिळावं लागलं.
ट्रोअट म्हणजे ‘इकडे ये’.

ही खोली पूर्वी शाळा होती.
त्या खुंटीला दोरी ओवलेली काठी असायची.
घरची भाषा ज्याच्या तोंडून निसटली, त्याच्या गळ्यात.
त्याने पुढच्याला पकडून द्यायचं,
आणि सुटीच्या घंटेला ती ज्याच्यापाशी, मार त्याला.
माझ्या आईच्या गळ्यात ती दोनदा पडली.
म्हणून माझ्याशी ती जन्मभर इंग्रजीत बोलली
आणि कोंबड्यांशी गेलिकमध्ये.
मी खुराड्यामागे बसून ऐकायचे.
चाळिशीत फी भरून रात्रवर्गाला गेले,
आईची भाषा शिकायला,
आई स्वयंपाकघरात धडधाकट असताना.

समुद्रापलीकडच्या शाळेतही काठ्या होत्याच.
गुरांना शाळा नव्हती, कुत्र्यांना नव्हती.
त्यांच्याशी बोललेलं कोणी मास्तरांना सांगत नव्हतं.

लॉक्लिनने चहा निवू दिला.
‘म्हणजे आजोबा,’ एवढंच म्हणाला,
आणि वाक्य तिथेच ठेवून उठला.
गुडघा ओढत कुंपणापाशी गेला,
घसा खाकरला,
आणि ट इतका मऊ करून की तो ड च झाला,
वाऱ्याच्या उलट दिशेला म्हणाला : ट्रोअड.

शेजारच्या इवरचं कुत्रं, नाव ग्लेन,
मेंढ्यांमधून मान वर करून बघत राहिलं.
एकदा माझ्या खिडकीकडे बघितलं.
मग आलं.

पावती फाडायची राहिली.