भिंतीची जाडी

नंदगडच्या हायस्कुलात, प्रयोगशाळेचं टेबल पुसून
मी मशीन मांडलं. आडोशाला
शिपाईमामांच्या बायकोची जुनी इरकल साडी.
यादीत एकशे बारा नावं, सातवी ते दहावी.
वीज पंख्याला पुरत नव्हती,
मशीनला पुरली.

थंड जेल लागलं की सगळी सारखीच दचकतात.
डाव्या कुशीवर हो. श्वास धर.
शेजारच्या कन्नड शाळेची पोरं आली की, उसिरु हिडी.
फुप्फुसं दोन्ही भाषांत आज्ञा पाळतात.
काळीज कुठल्याच नाही.

सोमनिंग कुंभार, वय चौदा.
डाव्या कप्प्याची भिंत आठ मिलिमीटर.
"जाड का पातळ, बाई?"
बरोबर आहे, म्हटलं.
"कुणी ठरवलं?"
आणि उत्तराला न थांबता सांगू लागला,
आतनं गुंडा, भायरनं थापी,
दोन हातांच्या मधी जे ऱ्हातंय ती माठाची भिंत.
आमचा बा मोजत न्हाई. ऐकतोय.

दानेश्वरी त्याच्याच वर्गातली.
तिचं हृदय दोन वर्षांपूर्वी घाईनं वाढलं,
घरी पाहुणे यायचे असावेत तसं,
आणि आता जवळजवळ थांबलंय.
त्याचं आत्ता कुठे जागं होतंय, फुटक्या आवाजासोबत.
सतराव्या वर्षी तो पुढे गेलेला असेल
दीड-दोन मिलिमीटरनं.
कबड्डीत मात्र ती त्याला रेषेच्या अलीकडे
पायाला धरून ओढते.
अंगाच्या मापानं भागलं की
अंतर बरंच विरतं. सगळं नाही.
उरतं त्याचं काय करायचं
हे मला कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.
तेराव्या वर्षी मला आईनं सांगितलं होतं, आता धावू नकोस.
कुठलं माप घेऊन सांगितलं, कोण जाणे.

दुपारी फिलोमिना सिद्दी.
लोंढ्याच्या पलीकडच्या रानातली, इथं वसतिगृहात.
मशीन विचारतं, वंश?
यादी खाली सरकते. गोरा. कृष्णवर्णीय. आशियाई. इतर.
मी तिच्याकडे बघते, ती पडद्याकडे.
घरात आमी कोंकणी उलयतांव, ती म्हणते,
वर्गात मराठी, संतेत कन्नड.
तिची पणजी, पणजीची पणजी,
कधीतरी गोव्याच्या धक्क्यावर उतरवलेलं कुणी
रात्रीतून घाट चढून आलं,
छातीत हेच धडधडत.
बोट "इतर"वर नेलं. मागं घेतलं.
रकाना भरल्याशिवाय मशीन पुढे जाईना.
मग वहीत पेन्सिलीनं लिहिलं,
भिंत सात, कप्पा बेचाळीस, झडपा चांगल्या.
तुलनेचा तक्ता तसाही
कुठल्यातरी बर्फाळ गावच्या मुलांवर बेतलेला,
नाचणीची आंबील न प्यायलेल्या.

आवाज ऐकू का, तिनं विचारलं.
मी बटण फिरवलं.
थोडा वेळ ऐकून म्हणाली,
"मोरीत ओले कपडे आपटतात तसं."
आणि हसली, आणि पडद्यावरचं सगळं हललं.

आवरताना सोमनिंग दाराशी. हातात पणती, ओली,
बोटांचे ठसे अजून तिच्यावर.
मी सवयीनं नख मारायला गेले.
"कच्चं असताना वाजवू नये, बाई."

बेळगावची शेवटची गाडी साडेसहाला.
मांडीवर वही, वहीवर पणती,
खानापूर येईपर्यंत
मी दोन्ही हातांनी धरून बसले.